गाडी मिसिंग मारतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला!

अशी एक गाडी डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे नऊ वाजलेत. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरून छोटी पिकअप उभी आहे. पहाटेच्या आत वाशीच्या भाजी मार्केटला पोचायचंय. मालक चावी फिरवतो. इंजिन सुरू होतं, पण रोजची ती एकसुरी घरघर नाही. फट्-फट्-फट्... आणि मध्येच एक गचका. आरसा थरथरतोय, गिअरचा दांडा नाचतोय, सीटखालून कुणी ढुशा मारतंय असं वाटतंय. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय.

मालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. आवाज सुधारतो. पाय काढला की पुन्हा तेच. ‘जाईल की मार्केटपर्यंत,’ म्हणत तो निघतो. गाडी पोचतेही. पण घाटात मागचे टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून जातात आणि आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत राहते.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. ‘प्लग गेलेत,’ मेकॅनिक म्हणतो. प्लग बदलले. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा गचके. ‘कॉइल असणार.’ कॉइल बदलली. ‘मग इंजेक्टर साफ करू.’ तेही झालं. ‘आता सेन्सर बघू...’ चार फेऱ्या, चार बिलं आणि गाडी आहे तशीच! गाडी आठवडाभर उभी राहते. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. घरखर्चाची वही लिहिणारी बायको विचारते, ‘बिघाड एकच आहे ना? मग पार्ट चार कशाला?’

प्रश्न बिनतोड आहे. गाडीची तांत्रिक भाषा न येणाऱ्या माणसानं विचारलेला हाच खरा तांत्रिक प्रश्न!

मिनिटाला चारशे ठोके

गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग मारणं’ म्हणतात, त्याचा अर्थ अगदी सोपा आहे. इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरमध्ये जो स्फोट व्हायला हवा, तो झाला नाही किंवा अर्धवट झाला.

पेट्रोल इंजिन नुसतं सुरू ठेवलं, म्हणजे आयडलवर असलं की ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे मिनिटाला ४०० ठोके. चार सिलिंडरचे मिळून १,६००. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला तर मिनिटाला ४०० ठोके गळाले. सेकंदाला साडेसहा! आरसा थरथरतो तो या रिकाम्या जागांमुळे.

मग रेस केल्यावर बरं का वाटतं? वेग वाढला की फ्लायव्हीलचं जड चाक आपल्या जोरावर या खाचा बुजवून टाकतं. धक्के जाणवत नाहीत एवढंच. बिघाड तिथल्या तिथेच असतो. म्हणूनच आयडल ही इंजिनची नाडी आहे. गाडी उभी असताना जे कळतं, ते पळताना झाकलं जातं.

छोट्या गाड्यांत हे आणखी महत्त्वाचं. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटलं. तिचं मूळ इंजिन दोनच सिलिंडरचं होतं. दोन सिलिंडरच्या गाडीत एक बंद पडला तर निम्मं इंजिन गेलं. चारमधला एक गेला तर गाडी लंगडत का होईना, चालते. आणि चालते म्हणूनच मालक दुर्लक्ष करतो.

तीनच गोष्टी

मिसिंग हा ताप आहे, रोग नव्हे. ताप आला की शहाणा डॉक्टर आधी कारण शोधतो, दिसेल ते इंजेक्शन टोचत सुटत नाही. इंजिनाचंही तसंच. सिलिंडर पेटायला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर पडलेली जोरकस ठिणगी, हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं इंधन आणि ते मिश्रण दाबून धरणारा घट्ट बंद सिलिंडर.

चुलीचंच बघा ना. काडी ओली, लाकूड ओलं किंवा वारा चुकीचा. यातलं काहीतरी एक बिघडलेलं असतं. तिन्ही एकदम बदलायची गरज नसते.

तेव्हा प्रश्न दोनच, आणि याच क्रमानं विचारायचे. पेटत नाहीये तो सिलिंडर कोणता? आणि त्याला या तिघांपैकी काय मिळत नाहीये? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्यावं.

गाडीची कुंडली

निदानाची सुरुवात पान्यानं होत नाही, प्रश्नांनी होते. मिसिंग कधी होतं? ही माहिती मालकाइतकी कुणाकडेच नसते, आणि गॅरेजमध्ये तीच सांगायची राहून जाते.

सकाळी थंड इंजिनावर होतं आणि गरम झाल्यावर थांबतं का? की उलट, तासभर चालल्यावरच सुरू होतं? फक्त उभं असताना होतं की घाटात, भरल्या गाडीत, जोर लावल्यावर? पावसात किंवा सर्व्हिसिंगमध्ये इंजिन धुतल्यावर सुरू झालं का? पेट्रोल नुकतंच भरलं होतं का?

प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. फक्त आयडलला होतं आणि रेस केल्यावर खरोखर जातं, तर हवा गळती किंवा कार्बननं माखलेला थ्रॉटल यांच्यावर संशय घ्यावा. जोर लावल्यावरच होतं, तर कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग. कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. धुतल्यावर सुरू झालं, तर प्लगच्या खोबणीत पाणी साचलं असणार. ते वाळवलं तरी काम होतं. आणि चार दिवस उभ्या असलेल्या गाडीत एकाएकी झालं, तर आधी वायरी बघाव्यात. उंदरांना या वायरींची फार आवड! पुष्कळ छोट्या पिकअपचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलून टॉर्च मारायला एक पैसाही लागत नाही.

आणखी एक शंका आधीच फेडून घ्यावी. थरथर म्हणजे मिसिंगच असं नाही. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ती रबरी माउंटिंग फाटली, तरी गाडी हादरते. मोकळ्या जागेत सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा तुकडा धरावा. (हात भाजू देऊ नये, आणि बंद शेडमध्ये हे करू नये, त्या धुरात विषारी वायू असतो.) कागद एका लयीत फडफडला तर इंजिन बहुधा ठीक आहे, माउंटिंग तपासावं. मध्येमध्ये ठोका चुकला तर मिसिंग आहे. आणि कागद अधूनमधून आत ओढला गेला, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व नीट बसत नसल्याची शंका घ्यावी.

पिवळा दिवा काय सांगतो?

१९९० च्या दशकात मेकॅनिक कानानं इंजिन ऐकायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि आयडल जमवायचा. आजच्या इंजिनाला तो स्क्रूच नाही. कारभार कम्प्युटरकडे आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले, त्यानंतरच्या गाड्यांत तर हा कम्प्युटर फारच दक्ष असतो.

त्याला मिसिंग कळतं कसं? युक्ती छान आहे. क्रँकशाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाचे दाते एक सेन्सर मोजत असतो. सिलिंडर पेटला की चाक किंचित झपाट्यानं फिरतं. पेटला नाही की किंचित रेंगाळतं. पाळी कुणाची होती हे कम्प्युटरला ठाऊक असतं. झालं, चोर सापडला! मग तो कोड लिहून ठेवतो. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी-०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही, मिसिंग फिरतं आहे.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश, ओझं न लादता गॅरेजपर्यंत नेता येते. पण दिवा उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्यावी, पुढे दामटू नये. कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळू शकते. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. शे-पाचशेच्या प्लगकडे केलेलं दुर्लक्ष हजारोंच्या घरात जातं ते असं.

मात्र कोड म्हणजे निकाल नव्हे. पी-०३०३ सांगतो की तिसरा सिलिंडर पेटला नाही. ‘तिसरी कॉइल बदला’ असं तो कुठेही म्हणत नाही. कधीकधी तर कोड चक्क चकवतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातला प्राणवायू तसाच बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सर तो पाहून कळवतो, ‘हवा जास्त, इंधन कमी!’ मग गॅरेजमध्ये बदलला जातो तो सेन्सर. म्हणजे खबर देणाऱ्यालाच फाशी!

एक बटण, मोठा उलगडा

सीएनजी पिकअपच्या मालकाकडे एक तपासणी फुकटात असते. पेट्रोल-गॅसचं बटण. गॅसवर मिसिंग होत असेल तर गाडी पेट्रोलवर टाकून बघावी.

दोन्हीवर सारखंच होतं? मग इंधनाची बाजू बहुतेक सुटली. ठिणगी, दाब किंवा हवा गळतीकडे वळावं. फक्त पेट्रोलवर होतं? वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून महिनोन् महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नये, अधूनमधून पेट्रोलवरही गाडी फिरवावी. फक्त गॅसवर होतं? मग गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर तपासावेत, पण त्याआधी प्लग. गॅसला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कसाबसा निभावणारा झिजका प्लग गॅसवर उघडा पडतो.

गॅसच्या नळीला, सांध्याला मात्र घरी हात लावू नये. ते काम सीएनजीच्या जाणकाराचंच.

बदलू नका, अदलाबदल करा

स्कॅनर नसेल तरी गप्प बसलेला सिलिंडर सापडतो. इंजिन सुरू ठेवून मेकॅनिक एकेका इंजेक्टरची वायर काढतो. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी लंगडतं. जिची काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. जुने मेकॅनिक यासाठी प्लगची वायर ओढत. आता तसं करू नये. हजारो व्होल्टचा झटका बसतो, कॉइल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.

समजा, तिसरा सिलिंडर दोषी निघाला. आता नवी कॉइल आणायची नाही. इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावायची. कोड पुसून गाडी चालवायची. मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं, तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिलं, तर कॉइल निर्दोष. मग हाच खेळ प्लगशी, मग इंजेक्टरशी. खर्च शून्य, वेळ थोडा, आणि उत्तर पक्कं. ज्या गॅरेजमध्ये नवा पार्ट मागवण्याआधी अदलाबदल करतात, ते गॅरेज धरून ठेवावं!

प्लग काढलाच आहे तर त्याचा चेहराही वाचावा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त होतंय. पेट्रोलनं ओला म्हणजे इंधन आलं, पण पेटलं नाही. तेलकट म्हणजे इंजिन ऑईल वर चढतंय, रिंग किंवा व्हॉल्वचे सील बघावेत. पांढराफटक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन फार तापतंय. पोर्सेलिनवर केसासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी टोकाला न पडता बाजूनंच पळतेय. चारही प्लग ओळीनं मांडले की कोणता वेगळा आहे ते शाळकरी पोरालाही दिसतं.

हवेचा चोर, दाबाचा चोर

ठिणगी आणि इंधन दोन्ही ठीक निघाली तर उरतात दोन चोर. पहिला, हवा. थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी नळी फाटली की न मोजलेली हवा इंजिनात शिरते आणि मिश्रण पातळ होतं. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या वाफेची नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग ही नेहमीची ठिकाणं. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरावं आणि दुसरं संशयित जागांवरून फिरवावं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी सूं-सूं ऐकू येते. फिरत्या पट्ट्यापासून मात्र नळी आणि सदरा दोन्ही लांब ठेवावेत. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधतात, ते सगळ्यात खात्रीचं. पेट्रोल शिंपडून शोधणाऱ्यापासून दूर राहावं. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे.

दुसरा चोर दाबाचा. प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ सारखे आहेत का, हे बघायचं. एक फार कमी निघाला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या. तेवढाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन्ही कमी आले, तर हेडच्या पॅकिंगवर पहिला संशय.

डिझेल पिकअपवाल्यांसाठीही दोन शब्द. तिथे स्पार्क प्लगच नाही, म्हणून चौकशी इंधन आणि दाबापुरती. फिल्टरमध्ये साचलेलं पाणी, पाईपात शिरलेली हवा, थकलेला इंजेक्टर. जुन्या इंजिनात नोझलचा पाईप सैल करून सिलिंडर शोधत असत. आजच्या कॉमन रेल इंजिनात ते चुकूनही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. या इंजिनात कुठला सिलिंडर मागे पडतोय ते स्कॅनरच दाखवतो.

त्या पिकअपचं काय झालं?

आता नारायणगावच्या त्या गाडीकडे वळू. समजा, तिला शेवटी क्रमानं तपासणारा मेकॅनिक भेटला. त्याचा पहिला प्रश्न, ‘कधी होतं?’ मालकाला आता आठवलं. सकाळी थंड इंजिनावर जवळजवळ नसतंच. त्या रात्रीही गाडी दिवसभर पळून गरमच होती. दुसरा प्रश्न, पेट्रोलवर? तिथेही होतं. स्कॅनर म्हणाला तिसरा सिलिंडर. कॉइलची अदलाबदल केली, दोष तिसऱ्यावरच राहिला. प्लगची केली, तरी तिथेच. मग दाब मोजला. थंड इंजिनावर चारही आकडे बरोबर. गाडी तासभर फिरवून, गरम असताना मोजला, आणि तिसरा धाडकन खाली!

उलगडा झाला. सीएनजी कोरडं इंधन आहे. वर्षानुवर्षं त्यावर चालून व्हॉल्वची बैठक झिजते, व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो, फट संपते आणि व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही. दाब निसटला की स्फोट कुठून होणार? इलाज काय? टॅपेट सेटिंग! काही इंजिनांत ते स्क्रूनं होतं, काहींत वेगळ्या जाडीचे टॅपेट घालून. आणखी काही महिने दामटली असती तर व्हॉल्व जळाला असता, आणि मग हेडच उतरवावं लागलं असतं.

आणि आधीचे प्लग, कॉइल, इंजेक्टर? सगळे निर्दोष होते. मालकानं काढलेले जुने पार्ट घरी आणले होते म्हणूनच ते कळलं. हीही सवय चांगली. जुना पार्ट मागून घ्यावा, आणि बिलावर पार्टच्या नावाबरोबर ‘कोणत्या तपासणीत दोष सापडला’ हेही लिहून मागावं. खरा कारागीर रागावत नाही, उलट खूश होतो.

घरखर्चाच्या वहीत शेवटचं एक पान गाडीसाठी ठेवावं. टॅपेट कधी तपासले, प्लग कधी बदलले, मिसिंग कधी झालं, थंड की गरम, पेट्रोल की गॅस. एवढ्या चार ओळी मेकॅनिकच्या हातात ठेवल्या, तर त्याचं निम्मं काम झालं. बिघाड एकच असतो, पार्टही बहुधा एकच लागतो. फक्त तो कोणता, हे विचारायला थोडा धीर लागतो.